खरखर वजा जाता

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीत लग्नाच्या मांडवावर आता कर्णा बांधत नाहीत. पूर्वी तो मांडवाच्या मेढीला, नाहीतर शेजारच्या झाडाला बांधत. तोंड शिवाराकडे असे. आदल्या दिवशी सनईची रेकॉर्ड लागली की तंबाखूच्या रानात वाकलेल्या माणसाला कळे, आज कुणाच्या दारात हळद आहे.

स्पीकरवाला सायकलवरून यायचा. कॅरिअरला आहुजाचा अँप्लिफायर, खांद्याला कर्णा, हँडलला वायरचे वेटोळे. रेकॉर्डची पत्र्याची पेटी मागून कुणीतरी पोर डोक्यावर घेऊन येई. पेटीत वर सनई आणि भक्तिगीते, मध्ये मराठी चित्रपट, तळाशी राजकुमारच्या कन्नड चित्रपटांची गाणी. सीमेवर पेटी दोन्ही भाषांची लागे. वर कागलकडचा आणि वधू संकेश्वरकडची असली तर पेटी तळापर्यंत उपसली जायची.

आता पेटी नाही. पेनड्राइव्ह आहे. त्याला तळ नाही.

कर्ण्यातून खालचा आवाज येत नसे. ढोलकीचा घुमारा गळून जाई, चाट तेवढी ऐकू येई. 'पिंजरा' १९७२ सालचा. राम कदमांचे संगीत, खेबुडकरांची गीते, उषा मंगेशकरांचा आवाज. या भागातल्या कित्येकांनी ती गाणी आधी कर्ण्यातून ऐकली आणि पडदा नंतर पाहिला. त्यांच्या कानात त्या गाण्यांना मंद्र नाही. पातळ, टोकदार, वाऱ्याबरोबर जवळ येणारी आणि लांब जाणारी अशी ती गाणी आहेत. आज तीच मोबाइलवर भरदार वाजतात, आणि म्हाताऱ्यांना ती जरा परकी वाटतात.

वरातीत आता डॉल्बी असते. स्पीकरांची भिंत उभी करतात. खिडकीची तावदाने थरथरतात. शब्द कळत नाहीत, पण ते कुणी मागतही नाही.

चावी गेली. चावीचा फोनो प्रत्येक बाजूला एकदा भरावा लागे. कुणी विसरले तर अंतऱ्यात स्प्रिंग उतरे, तबकडी रेंगाळे आणि बाई गाता गाता पुरुषाच्या आवाजात जाई. पोरे त्याचसाठी विसरत. पुढे बॅटरीवरच्या प्लेअरनेही हे केले, मग टेपने. आता गाणे रेंगाळत नाही. लागते किंवा थांबते.

सुयांची डबी गेली. छोटी, पत्र्याची, झाकणावर कुत्र्याचे चित्र. आत २०० सुया. एका बाजूला एक सुई, असे डबीवर छापलेले असे. काटकसरीच्या घरात एका सुईवर आठवडा निघे. बोथट सुई रेकॉर्ड खाई. सुया संपल्या तर बाभळीचा काटा लावून पाहणारेही असत. काट्याने आवाज मऊ येई आणि तबकडी वाचे.

सुई धरणाऱ्या साऊंडबॉक्सचे वजन तबकडीवर पडे, शंभर ग्रॅमहून जास्त. पुढच्या काळातल्या एलपीच्या सुईचे पडते दोन ग्रॅमच्या आसपास. जुन्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. सुई घाशीत, तिला खाचेच्या मापाची करीत तबकडी फिरायची. गाण्याच्या मागे जी खरखर ऐकू येई ती या पुडीची.

लाख छोटा नागपूरची. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर किडे ती घालतात. जगभरच्या तबकड्यांना मुख्य पुरवठा हिंदुस्थानातूनच होई. १९४२ साली युद्धामुळे अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात आली आणि तिथल्या लोकांना नव्या तबकडीसाठी जुनी परत करावी लागली. आता लाख सफरचंदाला चकाकी आणायला जाते, गोळ्या-औषधांवर चढवायला जाते. तबकडीला जात नाही.

निपाणीतल्या एका माळ्यावरून उतरवलेली ओडियनची तबकडी. दहा इंची. मधले भोक एका बाजूला झिजून लांबट झालेले. लेबलवर दुकानाचा जांभळा शिक्का, गावाचे नाव वाचता येते, दुकानाचे नाही. कडेचा बोटभर भाग अजून काळाभोर. तिथे संथ आलाप आहे. पुढे जिथे आवाज चढतो तिथे खाचा करड्या पडल्या आहेत. जिथे तान आहे तिथे जवळजवळ पांढऱ्या. डोळ्यांनीही कळते, आवाज कुठे चढला. कडेपासून आत एक केसाएवढी चीर. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते, म्हणून मिनिटाला ७८ वेळा टक् होते. ज्या घरात ती वाजे तिथे ते गाणे त्या टक्‌सकटच पाठ होते.

संगणकावर टक् काढता येते. खरखरही काढता येते. मात्र टक् काढणाऱ्या गणिताला तबल्याची चाट आणि चीर यांत फरक करणे जड जाते. हात जरा सैल सुटला की चाट बोथट होते. खरखर ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर 'स' आणि 'श' असतात. गाळणी जास्त बारीक लावली की 'सखे'मधला 'स' अर्धा जातो. स्वर राहतो. शब्द ओठांपासून जरा मागे सरकतो.

१९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात मुद्रणे केली आणि हिंदुस्थानातले व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले. मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथून तबकड्या होऊन बोटीने परत येत. हॅनोव्हरच्या कामगारांना कुठली बाई आणि कुठला राग हे कळावे म्हणून गाणारे शेवटी आपले नाव सांगत. गौहर जान इंग्रजीत सांगे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि १९२८ साली दमदमला मोठा. लेबले इथेच लागू लागली. नाव सांगण्याची गरज उरली नाही, आणि हळूहळू सांगणे थांबले. जुन्या तबकड्यांत गाणे संपल्यावर, दम लागलेल्या आवाजात, घाईघाईने नाव सांगणारे गवई होते. नंतरच्यांचा बोलण्याचा आवाज तबकडीवर नाही.

कर्ण्यात तोंड घालून गाण्याचे दिवस १९२५नंतर, मायक्रोफोन आल्यावर, गेले. कर्णा ना फार खालचा सूर पकडी ना फार वरचा. तंबोरा त्यात जवळजवळ येतच नसे. गवई तंबोऱ्याशिवाय गातो आहे असे वाटे. नव्याने साफ केलेल्या प्रतीत तो येईल अशी काहींची समजूत असते. जे खाचेत कधी उतरलेच नाही, ते साफ करून निघत नाही.

तीन मिनिटे गेली. दहा इंची बाजू साधारण तेवढीच चाले. रंगमंचावर वन्समोअर घेत अर्धा तास रंगणारे बालगंधर्वांचे पद तबकडीवर तीन मिनिटांत आटोपे. हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांनी तीन मिनिटांत स्थायी, अंतरा, चार ताना आणि तिहाई बसवण्याचे वेगळे कसब कमावले. खेड्यातल्या माणसाला गाणे तेवढेच असते असे वाटे. पुढे एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटे आली. कसबाची गरज सरली.

अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. १९४६ साली गेले. त्यांची तबकडी नाही. त्यांच्याबाबतीत साफ करण्यासारखे काही नाही.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या. तबकड्या मोजक्याच दिल्या. त्यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्या. सोबत सुईही दिली आहे आणि फिरवायचा वेग झाकणावर कोरलेला आहे.

वेगाचे पृथ्वीवर तसे नव्हते. ७८ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीची मुद्रणे कोणी ७५वर केली, कोणी ८०वर. ७५वर मुद्रित झालेली तबकडी ७८वर लावली तर सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो. काळी दोनचा गवई पांढरी तीनच्या अलीकडे येऊन गातो. आवाजही जरा तरुण होतो. फोनोला वेगाचा खटका असे. घरातला जाणता माणूस बाजाच्या पेटीवर सूर धरून खटका हलवी. तो माणूस आणि तो खटका दोन्ही गेले. एलपीवर, कॅसेटवर, सीडीवर ज्या वेगाने उतरवले तोच आता त्या गवयाचा सूर.

अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले. ओडियनच्या त्यांच्या तबकड्या १९३४ ते ३६ या काळातल्या. १९३७ साली ते गेले. कोगनोळी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्याकडे फोनो होता त्यांच्याकडे खाँसाहेबांची झिंझोटी किंवा भैरवी असण्याची शक्यता मोठी. याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा एक मुलगा लहानपणी अशा तबकड्या ऐकून हुबेहूब तसा गाई. तो कुमार गंधर्व. त्याने ऐकले ते खरखरीसकट.

विनाइलची एलपी आली आणि तबकडी फुटायची बंद झाली. लाखेची हातातून पडली की संपे. एलपी पडून राही, पण उन्हात ठेवली की वाकडी होई. एप्रिलमध्ये निपाणीत पत्र्याखाली ठेवलेली एलपी सुईला वरखाली हेलकावे देई. ती दोन काचांमध्ये ठेवून, वर पाट आणि पाटावर जाते ठेवून सरळ करत. आता घरात जातेही नाही.

७८च्या तबकड्या भारतात इतरांपेक्षा उशिरापर्यंत निघत राहिल्या. बीटल्सची गाणी दमदमला ७८वर काढली गेली. खेड्यांत चावीचे फोनो होते, म्हणून. त्या तबकड्यांना आता परदेशी संग्राहक चढी किंमत देतात. खेड्यांत त्या पोहोचल्या असतील तर बहुधा कुणी वाजवल्या नाहीत. म्हणूनच काही शाबूत सापडतात.

'गीतरामायण' १ एप्रिल १९५५पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर लागले. छप्पन गीते. गाणारे अनेक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके. रेकॉर्डचा संच निघाला तो एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात. पुढच्या पिढीने तोच ऐकला. सीताही फडक्यांच्याच आवाजात गाते, आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

फिएस्टा गेला. एचएमव्हीचा लहान, झाकणाचा प्लेअर. शिक्षक, बँकेतले लोक, तंबाखूच्या वखारीतले दिवाणजी यांच्या घरी असे. झाकणावर क्रोशाचा रुमाल.

मग कॅसेट. रेकॉर्डपेक्षा कॅसेट स्वस्त आणि एसटीतून आणायला सोपी. कॅसेटची स्वतःची एक शू असते, सतत, पावसासारखी. प्रत्येक प्रतीला ती वाढते. बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या होस्टेलांत नव्वदच्या दशकात परदेशी रॉक अशा प्रतींवरून प्रती काढून फिरले. निर्वानाचे 'नेव्हरमाइंड' १९९१चे. त्यातली गाणी कडव्यात दबक्या आवाजात चालतात आणि ध्रुवपदाला अंगावर येतात. चौथ्या-पाचव्या प्रतीवर दबके कडवे शूमध्ये बुडालेले असे. पोरे आवाज वाढवत. मग ध्रुवपद येई आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा पडत.

२०११ साली 'नेव्हरमाइंड'ची विसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली, आवाज नव्याने बांधून. कडवे उचलले होते. ध्रुवपद आधीच छताला होते. दोहोंतले अंतर कमी झाले. जाणत्यांनी तेव्हाच कुरकुर केली. आता आवाज वाढवावा लागत नाही.

हे त्या एकाच आल्बमचे नाही. सीडीच्या काळात प्रत्येक कंपनीला आपली सीडी शेजारणीपेक्षा मोठ्याने वाजायला हवी होती. रेड हॉट चिली पेपर्सचे १९९९चे 'कॅलिफोर्निकेशन', मेटॅलिकाचे २००८चे 'डेथ मॅग्नेटिक' ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. आवाजाचा आलेख काढला तर डोंगर-दऱ्यांऐवजी वीट दिसते. अशी वीट एलपीच्या खाचेत जशीच्या तशी कोरता येत नाही. ती कोरण्यासाठी पुन्हा वेगळी प्रत करावी लागते. कोणी करतो. कोणी सीडीचीच फाइल पाठवतो.

या एलपी आता विकत मिळतात. दोन-तीन हजारांना एक, काही त्याहून महाग. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून कुरियरच्या गाड्यांत चौकोनी, चपट्या खोक्यांतून कोगनोळीच्या टोल नाक्यावरून जातात. बहुतेक गावासाठी थांबत नाहीत. एखादे खोके बेंगळुरूहून सुट्टीला आलेल्या मुलाबरोबर उतरते. वेष्टनावर चिकटपट्टी असते: रिमास्टर्ड, १८० ग्रॅम. दमदमच्या जुन्या एलपी त्याहून हलक्या असत. वजनाने आवाज सुधारत नाही. हातात घेतल्यावर बरे मात्र वाटते.

बाजूच्या शेवटच्या गाण्याची जागा गेली. एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांनी फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते आणि मध्याशी २०-२१. आतल्या खाचेत आवाजाला जागा थोडी. म्हणून जुने लोक बाजूच्या शेवटी संथ, कमी वाद्यांचे गाणे ठेवत. भावगीतांच्या एलपीवरही हे दिसते. सीडीसाठी बांधलेल्या आल्बमात असा विचार नसतो. तेच एलपीवर आणले की बाजूच्या शेवटी गिटारची धार फाटते. प्लेअर बिघडला असे समजून मुलगा सुई बदलून पाहतो.

ज्या लाखसदृश लेपाच्या चकतीवर पहिली खाच कोरतात, तिचे जगात दोनच मोठे पुरवठादार उरले होते. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. उरला जपानमधला एक.

टेपमधून थेट खाच, मध्ये संगणक नाही, या भरवशावर जास्त पैसे देणारे लोक होते. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या एलपी ते याचसाठी घेत. २०२२च्या जुलैत उघड झाले की अनेक वर्षे मध्ये संगणकीय पायरी होती. तोवर कुणाच्या कानाला ती लागली नव्हती. नंतर पुष्कळांना लागू लागली.

पुष्कळ मूळ टेप उरल्या नाहीत. १ जून २००८ रोजी लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली. तीत मूळ ध्वनिफितींचे भांडार जळाले. ही गोष्ट लोकांना नीट कळली २०१९ साली. किती गेले यावर वाद आहे. आधीच विकल्या गेलेल्या चांगल्या एलपीवरूनच नवी एलपी बनवण्याची वेळ अशाने येते. मराठी तबकड्यांच्या बाबतीत ही वेळ आधीपासूनच आहे. झिजलेली तबकडीच मूळ.

फोनो दुरुस्त करणारे गेले. कोल्हापुरात साऊंडबॉक्समधला अभ्रक बदलून देत. स्प्रिंगला ग्रीस भरून देत. मुंबईतले ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचे दुकान २०१६ साली बंद झाले. त्याच्या पुढच्या वर्षी सारेगामाने कारवाँ आणला, रेडिओच्या घाटाचा, आत ५००० गाणी आधीच भरलेली. कोगनोळीत सेवानिवृत्त माणसाला मुले तो भेट देतात. त्याला एक खटका आहे. तो वेगाचा नाही.

फोनो अजून काही घरांत आहेत. शोकेसमध्ये. पितळेचा कर्णा नवा, मुरादाबादी, खाली जुने खोके. तबकडी वर ठेवलेली असते. चावी बहुतेक ठिकाणी हरवलेली.

कुर्ली-आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक, म्हणजे देवाच्या नावे सांगितले जाणारे भविष्य, आता ध्वनिक्षेपकावरून होते आणि मोबाइलवर मुद्रित होते. मागच्या ढोलांचा गलका कमी करून, फक्त बोल स्वच्छ ठेवून ती फिरते.

पर्ल जॅमचे 'टेन' हेही १९९१चे. २००९ साली ते पुन्हा काढले तेव्हा नव्याने मिसळलेल्या प्रतीबरोबर जुने मिश्रणही संचात ठेवले. ज्याला जे हवे ते त्याने लावावे. मराठी जुन्या तबकड्यांच्या संचांत अशी सोय सहसा नसते. गाळलेला आवाज मिळतो, न गाळलेला मागे राहतो. तबकडी कुणाकडून घेतली, किती झिजलेली होती, कुठल्या वेगाने फिरवली, हे वेष्टनावर छापलेले नसते. गायकाचे नाव, राग आणि 'डिजिटली रिमास्टर्ड' एवढे असते.